दाब कोण सांभाळतं? : प्रस्तावना

रक्तदाबावर मराठीत निघणारी बहुतेक पत्रकं पथ्यापासून सुरू होतात आणि पथ्यावरच संपतात. मीठ कमी करा, रोज चाला, तंबाखू सोडा, चिंता करू नका. यातलं काहीच खोटं नाही. (चिंता करू नका हा सल्ला मला मात्र कायम विनोदी वाटत आला आहे. दुष्काळी तालुक्यात तो नेमका कुणाला द्यायचा?) अडचण पुढे येते. हे सगळं ऐकून घेतलेला माणूस महिनाभर गोळी घेतो, बरं वाटायला लागलं की बंद करतो आणि वर्षभराने अर्धांगवायूच्या झटक्यानंतर जीपमध्ये घालून त्याला नगरला न्यावं लागतं. त्याला बेफिकीर म्हणून मोकळं होता येईल. पण तो त्याच्या परीने तर्काला धरूनच वागलेला असतो. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतात; मग डोकं दुखायचं थांबल्यावर बीपीची गोळी कशाला? या ‘कशाला’चं उत्तर पथ्याच्या यादीत सापडत नाही. शरीर स्वतःचा दाब कसा सांभाळतं, हे कळलं तरच ते सापडतं. म्हणून या पुस्तकात आधी शरीर आहे, पथ्य शेवटी आणि थोडक्यात.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर होते ते जामखेड तालुक्यातले, त्यातही खर्डा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे वाचक. त्यांना हे समजेल का, अशी शंका काही मित्रांनी घेतली. ती शंका या तालुक्यात तरी कुणी घेऊ नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांनी गावोगावच्या ज्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्या बाळंतपणं करायला शिकल्या, जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी का द्यायचं ते शिकल्या, रक्तदाब मोजायलाही शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही की ‘हे करा’ एवढ्यावर न थांबता ‘हे असं का’ हेही बायकांना सांगायचं, असा धडा जामखेडने घालून दिला. हे पुस्तक त्याच वाटेने जायचा प्रयत्न करतं.

सुरुवात हृदयापासून व्हायला हवी, पण हृदयावरचं प्रकरण यात सगळ्यात लहान आहे. तसं मुद्दामच केलं आहे. हृदयाला आपण फार मोठेपणा देतो. मुठीएवढा हा स्नायू स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण ७० वेळा आकसतो आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतो. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, अंगात असतं जवळजवळ तेवढंच. कुणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर खाटकाकडून बोकडाचं अख्खं हृदय मागून घ्यावं आणि घरी आडवं कापावं. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जाड आणि घट्ट लागते, उजव्या कप्प्याची तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. रक्त मात्र दोघे सारखंच ढकलतात. उजव्याला ते शेजारच्या फुफ्फुसात पोहोचवायचं असतं, तिथे पाऱ्याच्या २५ मिलिमीटरांइतका दाब पुरतो. डाव्याला टाळूपासून टाचेपर्यंत पोहोचवायचं असतं, त्यासाठी १२०च्या आसपास दाब लागतो. झडपांना खालून धरून ठेवणारे पांढरे दोरे दिसतील, ते नखाने ओढून पाहावेत; सहजी तुटत नाहीत. एवढं पाहिलं की वाढलेल्या दाबाने डाव्या कप्प्याची भिंत आणखी जाड होत जाते, या वाक्यात काय सांगितलंय ते वेगळं समजवावं लागत नाही. बाकी हृदय आज्ञाधारक आहे. शिरांतून जेवढं रक्त परत येईल तेवढं ते पुढे पाठवतं, जास्त आलं तर जास्त ताणलं जाऊन जास्त जोराने पाठवतं. दाब किती ठेवायचा हे ठरवणारे दुसरेच आहेत.

त्यांतल्या पहिल्यांची ओळख खर्ड्याच्या शेतकऱ्याला ठिबकवरून करून देता येते. मोटर एक, मेन लाइन एक, तिच्यावरून सबमेन आणि मग ओळीओळीने गेलेल्या बारीक लॅटरल. सगळ्या प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम सोडले तर मोटर पूर्ण जोराने चालूनही टोकाच्या ड्रिपरमधून थेंब पडत नाही. म्हणून एका वेळी एकाच प्लॉटचा व्हॉल्व्ह सोडतात आणि दाब टिकवतात. अंगातले हे व्हॉल्व्ह म्हणजे धमनिका, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत स्नायूंची गोल वेटोळी असतात. महाधमनीत सरासरी ९० ते ९५ असलेला दाब धमनिकांच्या तोंडाशीही फारसा उतरलेला नसतो, पण त्या ओलांडून रक्त केशवाहिन्यांत शिरतं तेव्हा तो ३५च्या आसपास आलेला असतो. सगळ्यात मोठा उतार इथेच आहे, म्हणजे सगळ्यात मोठा अधिकारही इथेच. कारण गणिताचं आहे. नळी निम्मी अरुंद झाली तर तिच्यातून जाणारं रक्त निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतं. नुसती दहा टक्के आकसली तरी एक तृतीयांशाने घटतं. पॉझय नावाच्या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून हा हिशेब मांडला होता.

ठिबकची तुलना इथपर्यंतच पुरते. शेतातला व्हॉल्व्ह माणूस फिरवतो, धमनिका स्वतः फिरतात. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईच्या दंडातला स्नायू ऑक्सिजन संपवतो, त्यात आम्ल साचतं आणि तेवढ्यावरच तिथल्या धमनिका सैल पडतात. मेंदूला विचारायला कुणी जात नाही. धमनीच्या आतलं पेशींचं एकपदरी अस्तरही वाहत्या रक्ताचा घासा ओळखून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि भिंत सैल करतं. हे शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. तंबाखू आणि साखरेचा आजार पहिला घाव याच अस्तरावर घालतात. स्वस्थ असताना सगळ्या स्नायूंना मिळून मिनिटाला लिटरभर रक्त जातं, जोराच्या कष्टात ते पंधरा लिटरांवरही जाऊ शकतं. हृदय तेव्हा आपला वेग वाढवतंच, पण तेवढ्याने भागत नाही. पोटाकडच्या आणि मूत्रपिंडाकडच्या धमनिकांना त्या वेळेपुरतं आवळून घ्यावं लागतं. अंगातल्या सगळ्या वाहिन्या एकदम सैल पडल्या तर ५ लिटर रक्त कुठल्या कुठे मुरेल आणि दाब कोसळेल. तेव्हा कुणाला सोडायचं आणि कुणाला आवळायचं हे ठरवणारी मध्यवर्ती सत्ता लागतेच.

ही सत्ता मेंदूच्या अगदी तळाशी, मस्तिष्कपुच्छात आहे आणि तिला खबर देणारे पहारेकरी मानेत आहेत. जबड्याच्या कोनाखाली, जिथे बोट ठेवलं की ठोका लागतो, तिथे धमनीची भिंत थोडी फुगीर असते आणि तिच्यात ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. तशीच महाधमनीच्या कमानीतही असतात. पहाटे म्हातारा बाजेवरून उठून उभा राहतो, तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांच्या शिरांत उतरतं. मानेतला ताण कमी होतो, खबर जाते, आणि दोन-तीन ठोक्यांच्या आत हृदय वेग घेतं, धमनिका आणि शिरा आवळल्या जातात. म्हाताऱ्याला काही कळतही नाही. वय झालं, साखर जुनी असली किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असल्या की ही खबर उशिरा पोहोचते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. उठण्याआधी बाजेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा, हा सल्ला या पुस्तकात तीन ठिकाणी आला आहे. संपादकांनी तो एकदाच ठेवा म्हणून सुचवलं होतं. मी ऐकलं नाही.

हीच यंत्रणा भीतीच्या वेळी उलट्या टोकाला जाते. खर्ड्याला त्याचं उदाहरण बाहेरून आणावं लागत नाही. मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम इथे समोरासमोर आले. ग्रँट डफच्या इतिहासात त्या रात्रीची हकीकत आहे. घोड्यांना पाणी पाजायला निघालेली मराठ्यांची एक लहानशी गस्त अंधारात ओढ्याकाठी निजामाच्या माणसांवर जाऊन आदळली, गोळीबार झाला आणि निजामाच्या छावणीत एकच हलकल्लोळ उडाला. प्रचंड फौज पाठीशी असलेला निजाम अली खान खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. दिवसभराच्या लढाईने जे पुरतं झालं नव्हतं ते अंधारातल्या काही बारांनी केलं. त्या छावणीत झोपेतून दचकून उठलेल्या प्रत्येकाच्या अंगात त्या क्षणी एकच गोष्ट घडली असणार. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन सुटलं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात उतरलं, हातपाय गार पडले, छातीत धडधड, दाब चढलेला. शरीर पळायला किंवा लढायला तयार झालं. दाबाचा असा चढ आजार नसतो. कारण संपलं की तो उतरतो.

तो उतरलाच नाही तर काय होतं, याचा सगळ्यात लख्ख आणि सगळ्यात भयानक पुरावा महाराष्ट्रातल्या खेड्यांनीच दिला आहे. लाल विंचू. दगडाखाली, गवताच्या गंजीत, कौलांत, चपलेत बसणारा. त्याचं विष मज्जातंतूंतल्या सोडियमच्या दारांना मिटू देत नाही, त्यामुळे मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात आणि साठवलेलं नॉरॲड्रेनॅलिन एकदम बाहेर पडतं. सुरुवातीला उलट्या आणि दरदरून घाम. मग हातपाय बर्फासारखे गार, दाब भयंकर चढलेला. सर्वांगाच्या धमनिका आवळलेल्या असतात आणि डावा कप्पा बंद दारावर धडका देत राहतो. काही तासांत तो थकतो, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, पोर उठून बसतं, धापा टाकतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. विंचवाच्या मंत्रांची ख्याती होती, कारण बहुतेक दंश नुसत्या वेदनेवर निभावत. निभावले नाहीत त्यांची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

ती नोंद ठेवायला बसला तो महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला एक तरुण डॉक्टर, हिंमतराव बावस्कर. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, दाब, श्वास, हातापायांचा गारवा लिहून काढत होते. मारतंय ते नुसतं विष नव्हे, विषाने आवळून धरलेल्या धमनिका मारतायत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग उपाय धमनिका सोडवण्याचा. प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा रक्तदाबासाठी बाजारात होतीच. नॉरॲड्रेनॅलिन धमनिकेच्या स्नायूवर ज्या जागी जाऊन बसतं ती जागा ही गोळी अडवते. बावस्करांनी ती विंचूदंशाला वापरली, १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं, आणि जिथे गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत होते तिथे ते प्रमाण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाचकाने यातून विंचवाचा इलाज शिकावा म्हणून हे प्रकरण घातलेलं नाही. दंश झाला तर दवाखानाच गाठायचा. घातलं ते अशासाठी की हृदय ठणठणीत असताना नुसत्या धमनिकांच्या हट्टापायी माणूस मरू शकतो आणि त्या सैल केल्या की तासाभरात त्याच्या हातापायांत ऊब परतू लागते, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

याच मज्जातंतूच्या टोकाशी महाराष्ट्राचं आणखी एक जुनं नातं आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम वर्षानुवर्षं रुग्णांवर तपासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. सर्पगंधा वैद्यांच्या बटव्यात आधीपासून होती, बंगाली डॉक्टरांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलंही होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या लेखानंतर. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मुळीतलं रिसर्पिन नॉरॲड्रेनॅलिनचा साठाच हळूहळू रिकामा करतं. म्हणजे विंचू जो साठा एका दणक्यात उधळतो, तोच सर्पगंधा गुपचूप संपवते, आणि प्राझोसिन तो पोहोचण्याच्या जागी अडवतं. रिसर्पिन आज फारसं देत नाहीत, त्याने मन खचतं असा अनुभव आला. तरी ही तिन्ही प्रकरणं लागोपाठ वाचावीत.

आता मूत्रपिंड. माझ्या मते पुस्तकाचं खरं हृदय इथे आहे, आणि नेमकं हेच प्रकरण बहुतेक जण ओलांडून जातील अशी भीती आहे. मज्जातंतूंचा कारभार सेकंदांचा आणि मिनिटांचा. आठवड्यांचा, वर्षांचा दाब ठरवतं ते मूत्रपिंड, कारण अंगात मीठ आणि पाणी किती ठेवायचं हे त्याच्या हातात आहे. हृदयाने ढकललेल्या रक्तातला पाचवा हिस्सा त्याच्याकडे जातो. दिवसाला १८० लिटर पाणी ते गाळतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतं. दाब वाढला की जास्त मीठ-पाणी बाहेर सोडतं, कमी झाला की धरून ठेवतं. शिवाय दाब उतरला किंवा मीठ कमी पोहोचलं की रेनिन सोडतं. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होतं. ते धमनिका आवळतं, तहान लावतं आणि मूत्रपिंडावरच्या त्याच ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन सोडवून मीठ राखायला लावतं. किल्ल्यात अडकलेल्या निजामाच्या लोकांचे पाण्यावाचून हाल झाले. त्या दिवसांत त्यांना जगवलं ते याच साखळीने. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडात घाम गाळणाऱ्या ऊसतोड कामगाराला आजही तीच सांभाळते. मिठाची टंचाई हा माणसाच्या शरीराचा फार जुना अनुभव आहे. मिठाची रेलचेल अलीकडची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. पापड, लोणचं, खरडा, फरसाण आणि वरून ताटात घेतलेलं चिमूटभर, या सगळ्यांत ते कधीच ओलांडलं जातं.

गोळी का चालू ठेवायची, याचं उत्तर इथून निघतं. वाढलेला दाब काही दिवस टिकला की मानेतले पहारेकरी त्यालाच नेहमीचा समजू लागतात. मूत्रपिंडही त्या वरच्या पातळीवरच मिठाचा हिशेब जुळवायला शिकतं. धमनिकांच्या भिंती जाड होतात. शरीर अजूनही दाब राखतंय, चोख राखतंय, फक्त चुकीच्या आकड्यावर. म्हणून त्रास होत नाही. १७० घेऊन फिरणारा माणूस धडधाकट असतो, आणि गोळीने १३०वर आणलं तर पहिले काही दिवस त्यालाच गळून गेल्यासारखं वाटतं. गोळी बंद केली की शरीर आपल्या लाडक्या आकड्यावर परत जातं, कुठलीही पूर्वसूचना न देता. ‘गोळीची सवय लागते’ असं गावात म्हणतात. सवय लागलेली असते ती दाबाला.

या तालुक्यात आणखी एक पेच आहे आणि त्यावर मी अंमळ जास्तच पानं खर्चली आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास जामखेड, पाथर्डी, शेजारच्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळतात, पण माणूस सांगली-कोल्हापूरकडच्या फडात आणि कार्ड खर्ड्यात. शिवाय लघवी जास्त करवणारी गोळी घेऊन दिवसभर उन्हात ऊस तोडायचा, तर ती गोळी कोणत्या वेळी, किती, की बदलून दुसरी, हे निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. असं कुणी बोलायला आलं तर त्याला वेळ द्यायला हवा. मूळ आराखड्यात हे प्रकरण नव्हतं.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी दाब मोजण्याच्या हकीकती शेवटी दिल्या आहेत. स्टीफन हेल्स या पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी बसवली आणि रक्त आठ फुटांवर चढलेलं पाहिलं, ते १७३३ मध्ये छापून आलं. दंडाला हवेचा पट्टा बांधण्याची युक्ती रिवा-रोची यांची, १८९६ ची. पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून ठकठक ऐकण्याची कोरोत्कॉव यांची, १९०५ ची. घाईत असलेल्यांनी हे सोडलं तरी चालेल.

सोडू नये ते पहिलं प्रकरण. त्यात फक्त पट्टा कसा बांधायचा ते आहे. पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकावर एक नाहीत, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, बाही वर सारून दंडाला काच पडत असेल तर हात बाहीबाहेर काढायचा, चहा-तंबाखू-मशेरी होऊन अर्धा तास गेलेला, लघवी तुंबलेली नको. बांधलेल्या पट्ट्यासमोर कुणी गप्पा मारायच्या नाहीत, सुनेने सासूबद्दल तर नाहीच. दोनदा मोजायचं, मध्ये मिनिटभर थांबायचं, आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवायचे. वहीची नमुन्याची पानं पुस्तकाच्या मागे जोडली आहेत. ती फाडून घ्यायला हरकत नाही.